राखणची सातवी आवृत्ती

"वांदरं पुन्हा हुशार झाली, भाऊ," भगवंतराव फोनवर म्हणाले, आणि नितेशने पोह्यांची ताटली बाजूला सारली. म्हणजे पाचवी आवृत्तीही गेली.

'राखण' हे नितेशचं ॲप. अमरावतीत, घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून त्याने एकट्याने बनवलेलं. एक जुना मोबाईल आणि भोंगा शेतातल्या झाडाला बांधायचा, ॲप चालू करायचं, की थोड्या थोड्या वेळाने त्यातून आवाज निघायचे. माकडं पळायची, भुईमूग वाचायचा. निदान ठरलं तरी तसं होतं. पहिल्या आवृत्तीतल्या कुत्र्याच्या भुंकण्याला माकडं आठ दिवस भ्याली. नवव्या दिवशी भोंग्याशेजारीच बसून शेंगा सोलायला लागली.

वापरणारे सारे मिळून अकरा. वडील चंद्रभानजी यांनी साफ सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत पन्नास माणसं जमव. नाही तर पुण्याची नोकरी धर. तिकडून फोनवर फोन येऊन राहिले." नितेशला पुण्याला जायचं नव्हतं. या ॲपवर त्याचा जीव जडला होता, आणि दसऱ्याला उरले होते तीन आठवडे.

अकरांतले दहा जण मुके. बोलायचे ते एकटे बार्शीटाकळीचे भगवंतराव. पण काय बोलायचे!

"कुत्रा काढा, बापा. मानूस टाका," हे त्यांचंच म्हणणं. नितेशने स्वतःच्या आवाजात "हुर्र, हुर्र" भरलं. "वांदराले समजते ना, हा मालक नाही म्हणून!" मग चौथ्या आवृत्तीत खुद्द भगवंतरावांचा आवाज आला. पाचवीत त्यांचा खोकला, तंबाखूची पिंक आणि मधूनच अभंगाची गुणगुण. तीही वेळा बदलून बदलून, कारण ठरल्या वेळी खोकणाऱ्या माणसावर माकडंसुद्धा विश्वास ठेवत नाहीत.

"आता काय झालं, काका?"

"आता त्यायले दिसते का हा मानूस एकलाच बडबडून राहिला. असं करा, धुऱ्यावरून बाईनं हाक मारली, का यानं ओ देल्ली पायजे. मंग वांदराले वाटते, हाये बापा, वावरात दोघं हायेत."

नितेश थक्कच झाला. शिकलेल्या माणसाला सुचलं नसतं ते या माणसाला सुचलं होतं! आठवडाभर डोकं फोडून त्याने सहावी आवृत्ती काढली. भोंग्याला बाईचा आवाज कळायला लागला. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक आली की आतून "हो" यायचं.

दोन दिवसांत पुन्हा फोन. "नुसत्या 'हो'नं भागत नाही. 'आलो, ठेव तिथंच,' असं म्हनू द्या."

"माकडांसाठी? 'ठेव तिथंच'?"

"भाऊ, तुमी शहरातले. तुमाले वांदरं ठावं नाहीत."

हे मात्र खरं होतं. नितेशने मुकाट्याने सातवी आवृत्ती दिली. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी निरोप आला: "एक नंबर! आता काही बदलू नका."

नितेश गच्चीवर एकटाच नाचला. या वावराचा व्हिडिओ काढायचा आणि चार गावांत दाखवायचा. भगवंतरावांना चकित करावं म्हणून त्याने फोनसुद्धा केला नाही. दसऱ्याला चार दिवस असताना एसटीने अकोला आणि तिथून बार्शीटाकळी गाठली.

दुपारचे बारा वाजले होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि काळ्या मातीचा चिखल असा, की पाय टाकला तर चप्पल आत आणि माणूस बाहेर. अशात वावरात कोण उतरतं! तो धुऱ्यावरच थांबला. भुईमूग डोलत होता. माकडाचं नाव नाही. पल्याडच्या निंबातून खोकला आला, इतका खरा, की नितेशने नमस्काराला हात उचलला. मग स्वतःशीच हसून त्याने मोबाईल धरला आणि व्हिडिओ काढायला लागला.

तेवढ्यात डबा घेऊन एक बाई आली. बाभळीआडचा नितेश काही तिला दिसला नाही.

"अवो, डबा आनला! येता का जेवाले?"

"आलो!" निंबातून भगवंतराव गरजले. "ठेव तिथंच!"

नितेशचा हात खाली आला. सात आवृत्त्यांतली सगळी वांदरं त्याच्या डोळ्यांपुढून एकामागोमाग गेली. अरे देवा! हिला कळलं तर काका मेले, आणि राखणही मेलं. पुण्याचं तिकीटच काढायचं आता. तो दबकत मागे सरला आणि नेमका काटक्यांवर पाय पडला.

"कोन हाये?"

"मी... नितेश. अमरावतीचा."

"राखनवाले भाऊ!" भगवंतरावांच्या बायकोचा, सत्यभामाकाकूंचा, चेहरा उजळला. त्यांनी तिथंच फतकल मारून डबा उघडला. "बसा, जेवून घ्या. ते सकाळीच अकोल्याले गेले, कॅरम खेळाले. पाचशिवाय येत नाहीत."

"काकू! तुम्हाला माहीत आहे?"

"बावीस वर्सं झाली लग्नाले. पयल्या हाकेले त्यायनं कधी ओ देल्ली?" भाकरीवर ठेचा घालून काकूंनी ती त्याच्या हातात दिली आणि आवाज खाली आणला. "त्यायले सांगू नका, चांगलं चाललं हाये. पन आता एक काम करा. आमच्या भजनी मंडळात बेचाळीस बाया हायेत, साऱ्यायच्या मोबाईलात हे टाकून द्या. फकत आवाज बाईचा पायजे, अन् सयपाकघरातून आला पायजे: 'हाये ना मी घरातच!'"