फलाटावरचं वऱ्हाड

१९७१चा डिसेंबर. युद्धावर निघालेल्या जवानांची गाडी उद्या जेवायला थांबणार, पण गावात कळता कामा नये, असं स्टेशनमास्तरांनी फलाटावरची खाणावळ चालवणाऱ्या कुसुमला बजावलं. सासूबाईंच्या पोटात काही राहत नसे, म्हणून पोळ्या लाटताना ती त्यांना म्हणाली, "लग्नाचं वऱ्हाड येणार आहे."

दुसऱ्या दिवशी सासूबाई आहेराची शाल घेऊन फलाटावर हजर. डब्यातले हिरवे गणवेश पाहून त्या थबकल्या. आता गावभर होणार, या धास्तीने कुसुम गार पडली.

सासूबाईंनी दारातल्या कुडकुडणाऱ्या जवानाला शाल पांघरली. "नवरदेव देखणा आहे गं, सूनबाई."

तो सुखरूप परतला. त्याच्या लग्नाची पत्रिकाही आली. स्टेशनमास्तर बढतीवर गेले. सासूबाई मात्र मरेपर्यंत गावाला फलाटावरच्या त्या वऱ्हाडातल्या, कधी नसलेल्याच नवरीच्या शालूचा रंगसुद्धा सांगत राहिल्या. कुसुमला अजून हसू आवरत नाही.