असते आणि असतील

“ताई, साहेब काय म्हणतात? थांबायचं का आम्ही?”

मुकादमाने विचारलं आणि बोगद्यातल्या सगळ्या माना ताईंकडे वळल्या. वरून पाणी ठिबकत होतं. समोर कोसळलेल्या दगडमातीचा ढिगारा थेट छताला भिडला होता. त्याच्या पलीकडे बोगदा खणणारी माणसं अडकली होती, आणि त्यांत ताईंचा धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर ताईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता.

ताई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सकाळी कंपनीच्या दुभाष्याच्या खांद्यावर दगड पडला आणि त्याला दवाखान्यात हलवावं लागलं. बाहेर नातेवाइकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या ताईंच्या डोक्यावर कुणीतरी हेल्मेट चढवलं आणि त्यांना आत आणलं. सुटकेचं काम परदेशातून बोलावलेल्या एका इंजिनिअरच्या हातात होतं. त्याला इथली भाषा येत नव्हती, ढिगारा उपसणाऱ्या मजुरांना इंग्रजी येत नव्हतं. तो बोलायचा आणि ताई सांगायच्या. तो फार संथ बोलायचा, एकेक शब्द तोलून. ताईंना ते बरं वाटलं होतं. जबाबदार माणूस असाच बोलतो.

आता त्याने हात वर करून ड्रिल बंद करायला लावलं होतं. ढिगाऱ्याला कान लावून तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग वळला, चेहऱ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला, “इफ दे वर अलाइव्ह, दे वुड नॉक.”

ताईंनी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

हा धडा त्यांनी वर्षानुवर्षं शिकवला होता. ‘आर’ आणि ‘विल’ आलं, तर आशा आहे: जिवंत असतील तर ठोकतील. ‘वर’ आणि ‘वुड’ आलं, की सगळं संपलं: जिवंत असते तर ठोकलं असतं. ‘मी पक्षी असते तर’ म्हणणारी मुलगी पक्षी नसते, हे त्या वर्गात हसत हसत सांगायच्या. पेपरात कुणी या दोन वाक्यांची खिचडी केली, की मात्र त्यांच्या लाल पेनापाशी दयामाया नसे.

“ताई?” मुकादम जवळ आला. त्याच्या हातांना बांधलेल्या चिंध्या रक्ताने भिजल्या होत्या. “छत कुरकुरायला लागलंय. माझ्या माणसांनाही घरदार आहे. आत जीव असेल तर आम्ही मागे हटणार नाही, काय व्हायचं ते होऊ दे. पण जीव नसेल, तर मुडद्यांसाठी जिवंत माणसं गाडायची नाहीत मला. साहेब बोलले ते खरंखरं सांगा.”

जसंच्या तसं सांगावं, तर ही माणसं अवजारं उचलून निघणार. फिरवून सांगावं आणि छत खाली आलं, तर या सगळ्यांच्या बायकापोरांना तोंड कसं दाखवायचं? इकडे आड, तिकडे विहीर. इंजिनिअर त्यांच्याकडे बघत थांबला होता.

“साहेब म्हणतात,” ताई म्हणाल्या, “जिवंत असतील, तर ठोकतील.”

क्रियापदांची शेपटं तेवढी बदलली.

“मग ऐकू या की!” मुकादम म्हणाला. “कुणी जागचं हलायचं नाही रे. श्वाससुद्धा बेताने घ्या.”

सगळे ढिगाऱ्याला कान लावून बसले. एक जण खोकला, तशा चार जणांनी त्याच्यावर डोळे वटारले. छतातून एक दगड सुटला आणि मुकादमाच्या पायाशी येऊन फुटला. त्याने वर पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. ताईंना ती नजर सोसवेना. बस झालं, सांगून टाकावं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तळाशी पालथा पडलेला एक मजूर ओरडला, “वाजलं! आतून वाजलं!”

दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज होता. दबका, पण थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडकलेले सगळे बाहेर आले. एकदम उजेड लागू नये म्हणून भावाच्या डोळ्यांवर पट्टी होती. स्ट्रेचरवरून तो हाताने चाचपडत म्हणाला, “ताई, कुठायस? अगं, आम्ही ठोकून ठोकून थकलो. तुमच्या त्या यंत्रापुढे कुणाला ऐकू जाणार? नादच सोडला होता. मग एकाएकी सामसूम झाली. म्हटलं, एकदा शेवटचं ठोकून बघू.”

त्याला गाडीत चढवल्यावर ताई इंजिनिअरला शोधत गेल्या. तो खोक्यावर बसून चहा पीत होता. रात्रभर मनाला लागून राहिलेली गोष्ट त्यांनी इंग्रजीत सांगून टाकली. “सर, काल मी तुमचं बोलणं बदललं. ते जिवंत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. असतील, असं मी सांगितलं.”

“मी असं कधी म्हणालो?”

ताईंनी त्याचं वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, ‘वर’ आणि ‘वुड’वर जोर देऊन.

इंजिनिअर ओशाळला. “माफ करा मॅडम. इंग्रजी माझी भाषा नाही. साइटवर ऐकून ऐकून शिकलो. यातलं काय कुठे लावायचं, ते मला अजून जमत नाही. मी म्हणत होतो, जिवंत असतील तर ठोकतील, तेव्हा गप्प राहून ऐका. तुम्ही तेच तर सांगितलंत!”

ढिगाऱ्यासमोर वाटली नव्हती एवढी भीती ताईंना आता वाटली. काल त्यांनी साहेबांचं वाक्य एका शब्दाचीही चूक न करता सांगितलं असतं, तर भाऊ आतच राहिला असता.