सातजणी फेराबाहेर

“रडकीला फेरात घेऊ नका गं, गाणं मोडतं!” लहानपणी भोंडल्याला आत्या ओरडायची. तो आवाज शलाकाच्या कानात अजून होता.

मंगल कार्यालयांचं बुकिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टेस्ट चालवणं हे तिचं काम. पण सगळ्या टेस्ट ती कधी चालवायचीच नाही. हसऱ्या, गुणी, हमखास पास होणाऱ्या टेस्टांचा तिनं एक गट केला होता. बटण दाबलं की त्या हातात हात घालून निघायच्या आणि स्क्रीनवर हिरव्या खुणांचं शेत डोलायचं. नापास होणाऱ्या सातजणी बाहेरच उभ्या.

आजही शेत हिरवंगार होतं. उपासनी सर खुशीत आले. “वा गं पोरी! चार महिन्यांत एक लाल ठिपका नाही!” पेढ्यांचा पुडा तिच्यापुढे धरून ते म्हणाले, “म्हटलं, आपलंच सॉफ्टवेअर, आपणच विश्वास ठेवायचा. माझ्या लेकीचं, चिंगीचं लग्न याच्यावरच बुक केलंय. पाच तारीख, गोरज मुहूर्त, मोठा हॉल. पत्रिकासुद्धा वाटून झाल्या.”

शलाकानं अर्धा खाल्लेला पेढा खाली ठेवला. तिनं घाईघाईनं पाच तारीख उघडली. हॉल एक, वेळ एक, नावं दोन.

“काय गं, गोड नाही का?”

“सर,” ती कशीबशी म्हणाली, “एकच हॉल दोघांना जातो का, हे बघणारी टेस्ट मी चार महिने चालवलीच नाही. ती नापास होते. चिंगीच्या लग्नाला ढमढेरे तालमीचे नऊशे पहिलवान येतायत.”