मंगळवार, साडेतीनपर्यंत

बाजार बंद होईपर्यंत अण्णांनी जिवंत असावे, असे विनीतने सकाळीच ठरवले. चहा घेऊन तो खोलीत गेला, तेव्हा वडिलांचा हात गार लागला. नाकाशी धरलेल्या बोटाला काही जाणवले नाही. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत एवढी तपासणी त्याला पुरेशी वाटली. बाजार उघडला होता. त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली, दार लोटून घेतले आणि पुढच्या खोलीत स्क्रीनसमोर येऊन बसला.

विनीतच्या मते हा निव्वळ हिशेब होता. सुशिक्षितांच्या क्रौर्याला बहुधा हेच नाव असते. स्वतःचे खाते धुऊन निघाल्यापासून तो वडिलांच्या, म्हणजे निवृत्त गोपाळकृष्ण मास्तरांच्या खात्यातून ऑप्शन विकत असे. निफ्टी एका ठरावीक आकड्याच्या वर गेला तर वरचा फरक आपण भरून देऊ, अशी हमी त्याने दिली होती आणि तिचा मोबदला, प्रीमियम, आधीच घेतला होता. आठवड्याचे असे करार मंगळवारी संपतात, महिन्याचे शेवटच्या मंगळवारी. आज साडेतीनला निफ्टी त्या आकड्याच्या खाली राहिला, की हमी संपली आणि प्रीमियम आपला. पण निफ्टी अगदी काठावर घोटाळत होता. अशा वेळी खातेदार गेल्याचे कळले, तर ब्रोकर खाते गोठवणार, सौदे मिळेल त्या भावाला मोडणार आणि मास्तरांची जन्माची पुंजी जाणार.

शिवाय रत्नागिरीत प्रेताला मुंबईची वाट पाहण्याची सवय असते. थोरला भाऊ दीपक तिकडून आल्याखेरीज तिरडी उचलली जाणार नव्हती, आणि तो रात्रीच्याच गाडीने निघणार होता. त्याला सकाळी कळवले काय, संध्याकाळी कळवले काय! बायको मालिनी सावर्ड्याच्या शाळेतून दिवेलागणीशिवाय परतत नसे. तेव्हा यात कुणाचेच काही बिघडत नव्हते.

आजारी पडण्यापूर्वी मास्तरांनी हा धंदा चिकाटीने समजून घेतला होता. जन्मभर गणित शिकवलेले. आठवड्याचे, महिन्याचे, तिमाहीचे आणि त्याही पुढे जून-डिसेंबरचे, काही तर चार-पाच वर्षांनी संपणारे करार असतात, हे ऐकून ते सावरून बसले होते.

"मग तसला एक लांबचा घे माझ्यासाठी. विकायचा नाही, घ्यायचा. फार तर काय, दिलेला प्रीमियम बुडेल."

"लांबची मुदत महाग पडते, अण्णा. उरलेल्या वेळेचेच पैसे असतात त्यात. ती वेळ आधी हळूहळू झिजते आणि शेवटच्या दिवसांत भराभर. मी त्या शेवटच्या झिजेवर कमावतो."

"आणि घेणारा?"

"घेणाऱ्याला वाट बघायची सवड लागते. तुम्हाला कुठली पाच वर्षं घेऊन देऊ?"

विनीत हसला होता. मास्तरही हसले होते, जरा उशिराने.

दुपारी शेजारचा आत्माराम दारात उभा राहिला. हातात कुळथाच्या पिठीचा डबा. त्याचा पुतण्या दादू ब्रोकरच्याच शाखेत कामाला होता, म्हणजे आत्मारामने पाहिलेले शाखेत पोचायला उशीर नव्हता. विनीत उंबऱ्यातच आडवा आला.

"मास्तर काय म्हणतायत? गरम हाय तवर दोन चमचे भरवतो."

"आत्ता नको, आत्मारामकाका. डोळा लागलाय त्यांचा."

"मघाशी मागच्या पडवीजवळ मास्तरांच्या खोलीतनं कायतरी आवाज आल्यासारखा वाटला, म्हणून म्हटलं जागे असतील."

"मांजर असेल."

आत्मारामने त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिले. "तुझा बाजार चालू हाय वाटतं. बरं बाबा. तो मिटला की मास्तरांना भूक लागू दे." डबा कठड्यावर ठेवून तो निघून गेला. विनीतने कडी घातली.

शेवटच्या तासात निफ्टी वर सरकला. हमीचा आकडा ओलांडून गेला. विनीतच्या कपाळावर घाम आला, अण्णांसाठी नव्हे. आतल्या खोलीत काहीतरी पडल्यासारखे वाटले, पण त्या क्षणी डोळे हलवणे त्याला परवडणारे नव्हते. मग आकडा घसरला, पुन्हा हमीच्या आत आला आणि तिथेच थांबला. साडेतीन वाजले. करार शून्य झाले, पुंजी वाचली. विनीतने खुर्चीत मान टाकली आणि दीर्घ श्वास घेतला.

आता शोक करायला हरकत नव्हती. तो आत गेला. चादर एका बाजूने जमिनीवर घसरली होती, पाण्याचे भांडे कलंडले होते. खिडकी उघडी होती, वारा असावा. त्याने चादर सारखी केली, भांडे उचलले आणि डॉक्टरांना फोन लावला. आवाज आपोआप कापरा झाला, याचे त्याला समाधान वाटले.

मास्तरांवर उपचार करणारी तेजस्वी पलीकडच्याच आळीत राहत असे. ती लगेच आली.

"कधी गेले?"

"आत्ताच. अर्धा तास झाला असेल." हे वाक्य त्याने सकाळपासून घोटून ठेवले होते. उत्तरादाखल ती वर बघेल, थंडगार हाताबद्दल विचारील, या भीतीने तो भिंतीला टेकून उभा राहिला.

तेजस्वीने पापण्या उघडून पाहिल्या. जबडा हलवून पाहिला, काखेत हात घालून पाहिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "अंग अजून गरम आहे. अर्ध्या तासाच्या वर नाही झाला." मग ओल्या जमिनीकडे पाहत तिने हळूच विचारले, "दुपारी तुम्ही घरातच होतात ना, विनीतदादा?"