अर्जातलं कारण

"अबू सज्जाद, जरा वेळ आहे का?"

प्रयोगशाळेत चासिबच्या हातातली काचेची नळी निसटता निसटता राहिली. बसऱ्याजवळच्या त्या गॅस कारखान्यात झाडूवाल्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला सज्जादचा बाप म्हणूनच हाक मारत. पोरगं जाऊन चार वर्षं झाली तरी बापाचं नाव कोणी काढून घेत नाही. बडे इंजिनियर उस्ताद फाइक तेवढे "ए चासिब" म्हणत. आज त्यांना सज्जाद आठवला होता, म्हणजे काम मोठं असणार.

"आमच्या लेकीला, रुवैदाला, नव्या वसाहतीत घर मिळालंय," फाइक दार लोटून घेत म्हणाले. "जादा गॅस जाळतात त्या ज्वाळेच्या अगदी जवळ. सहावा महिना चालू आहे तिला, आणि सामान आजच हलवतायत. तिथली हवा... खरी कशी आहे?"

खरी! चासिबने तो शब्द मनातल्या मनात दोनदा चघळला. दर महिन्याला तो हवेचे आकडे काढायचा आणि दर महिन्याला फाइक ते खोडून 'मर्यादेत' असं लिहून सही ठोकायचे. सज्जादचा रक्ताचा कॅन्सर पाहून डॉक्टरांनी हवेत काय काय आहे ते विचारलं, तेव्हा चासिब याच माणसापुढे गयावया करत उभा होता. फाइक हसले होते. "हायड्रोकार्बन म्हणजे काय रे? हायड्रोजन आणि कार्बन, बस्स. तुझी बायको रोज त्याच्यावरच भात शिजवते ना? मग पातेल्याला झाला का कॅन्सर?"

हायड्रोकार्बन! जमीन खोदणाऱ्याला तो खजिना, टॅक्सीवाल्याला पेट्रोल, बायकोला सिलिंडर, बगदादच्या मंत्र्याला राज्याचा वर्षभराचा खर्च. चासिबच्या घरात मात्र त्या शब्दाचा अर्थ एक रिकामी खाट एवढाच उरला होता.

'स्वच्छ आहे, खुशाल पाठवा,' एवढं म्हटलं की झालं. शब्द जिभेच्या टोकावर आले होते आणि गोड लागत होते, खोटं कशाला बोला! पण त्या पोरीने त्याचं काय घोडं मारलं होतं? त्याला लेक नको होती, बाप हवा होता.

"लेखी अर्जाशिवाय तपासणी नाही, उस्ताद," तो म्हणाला. "कारणासकट. नियम तुमचाच आहे."

नियम त्यांचाच होता. आजारी पोरांचे चाळीस बाप हवा तपासा म्हणून दारात आले, तेव्हा फाइकनी तो काढला आणि प्रत्येक अर्जावर 'कारण पुरेसं नाही' असा शेरा मारला. ते चाळीस जण कोर्टात गेले. कारखान्यातल्या एका तरी अधिकाऱ्याला ही हवा वाईट वाटत असल्याचा कागद दाखवा, असं न्यायाधीश दर तारखेला म्हणत. रविवारी शेवटची तारीख होती.

"आता माझ्याशीही नियम?" फाइक चिडले. मग घड्याळाकडे पाहून त्यांनी मुकाट्याने अर्जांची वही ओढली आणि लिहिलं. 'ज्वाळेच्या धुराने पोटातल्या बाळाच्या रक्ताला धोका आहे, म्हणून तपासणी व्हावी.' खाली नाव, हुद्दा, सही.

चासिबने शिक्का मारला. "नमुना मी कालच घेतलाय. रक्ताचा कॅन्सर करणारं बेंझिन मर्यादेच्या अकरा पट आहे. पोरीला तिथे पाऊलही टाकू देऊ नका."

फाइकनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावून गाडी थांबवली. मग सुस्कारा सोडत वहीतला कागद टराटरा फाडला आणि तुकडे खिशात कोंबले. "झालं काम. आता याची गरज नाही."

"फाडा की," चासिब म्हणाला. त्याने वहीतला निळा कार्बन कागद उचलला. खाली अर्जाची दुसरी प्रत होती, सहीसकट. प्रयोगशाळेचा प्रत्येक अर्ज असाच दोन प्रतींत निघतो. पण बड्या साहेबांनी जन्मात कधी अर्ज लिहिलाच नव्हता, त्यांना कुठून ठाऊक असणार!

फाइकचा चेहरा पांढराफटक पडला. "नमुना काल घेतला होतास ना? मग मला लिहायला कशाला लावलंस?"

चासिबने प्रत घडी घालून छातीशी ठेवली.

"चाळीस बापांचं म्हणणं न्यायाधीशांना पटत नव्हतं, उस्ताद. एका आजोबाचं पटेल."