आठवी खोली

“ही पण नको,” मुलगी म्हणाली.

सल्लागार बाईंनी डोळे मिटून घेतले. ही सातवी खोली. स्वच्छ, हवेशीर, कॉलेजपासून चालत दहा मिनिटं. मालक सज्जन, न्हाणीघर आतच. आता यात काय खोट काढली हिनं?

“खिडकीतून समोरची भिंत दिसते.”

“मग काय समुद्र दिसायला हवा?” बाई म्हणाल्या आणि तरातरा जिना उतरू लागल्या. मुलीनं धावत येऊन त्यांचा हात धरला. बाईंचा गुडघा दुखतो, हे तिच्या पक्कं लक्षात होतं.

शहरात नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ते मदत केंद्र होतं. बसचा पास, दवाखान्याचं कार्ड, वाचनालय असल्या कामांना शेजारच्या टेबलावरचे काका. खोल्यांचं टेबल बाईंचं. नुसता पत्ता लिहून हातात कोंबायचा, ही बाईंची पद्धत नव्हे. मंगळवारी दुपारी त्या स्वतः मुलांबरोबर जात. नळ सोडून बघत, कडी लावून बघत, मालकाला चार प्रश्न खडसावून विचारत. खोली मिळाली नाही म्हणून शिक्षण सोडून कुणी परत गेलं, असं त्यांच्या टेबलावर अकरा वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. याचा त्यांना भारी अभिमान.

ही मुलगी तो अभिमान धुळीला मिळवणार, अशी चिन्हं होती. दर मंगळवारी वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसायची. “सध्या ओळखीच्यांकडे आहे, पण तिथून निघायचंय,” एवढंच सांगायची. वाटेत मात्र तोंडाला खळ नाही. धाकट्या भावाचे प्रताप, आई फोनवर काय म्हणाली, वर्गातल्या मुली आपसात कशा भरभर बोलतात. परतताना चहा घेऊया म्हणायची आणि एक कप तासभर पुरवायची. आणि खोल्या? एकीचा जिना उंच, एकीत मालकाचं कुत्रं, एकीचा म्हणे रंगच उदास. पोरगी गोड होती हो, पण नखऱ्यांना काही सुमार?

“तुमची नखरेवाली आली,” काका दर मंगळवारी हळूच सांगत. बाई कपाळाला हात लावत.

आठव्या खोलीत त्यांनी तिला तोंड उघडूच दिलं नाही. एका निवृत्त नर्सबाईंचं घर, वरची खोली, खिडकीत झाड.

“इथे खोट काढलीस ना, तर मी नोकरी सोडीन,” बाई म्हणाल्या.

मुलगी हसली. झाडाकडे बराच वेळ बघत राहिली. काढायला खोट नव्हतीच. तिनं करारावर सही केली. केंद्रात परतल्यावर बाईंनी तिच्या फाइलवर ‘बंद’ असा शिक्का हाणला, तो इतक्या जोरात की काकांचा चहा हिंदकळला. खोली मिळाली की फाइल बंद आणि खुर्ची पुढच्या मुलाला, हा केंद्राचा नियम.

“मंगळवारी सहज आले तर चालेल?” मुलीनं विचारलं.

“सहज यायला ही काय बाग आहे?” बाई हसत म्हणाल्या. “बाहेर रांग बघ केवढी! आता तुला घर मिळालंय. जा, सुखानं राहा.”

मुलीनं बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. मग “बरं” म्हणाली आणि गेली.

पंधरवड्यानं, एका गुरुवारी, नर्सबाईंचा फोन आला. मुलगी राहायला आलीच नव्हती. काल कधीतरी येऊन दाराखालून पाकीट सरकवून गेली होती. आत नुसती किल्ली.

बाईंचं डोकंच फिरलं. दोन महिने गुडघा झिजवला, तो यासाठी? मग रागाच्या मागोमाग काळजी आली. राहते तरी कुठे ही? कुणाच्या तावडीत तर सापडली नाही? त्यांनी फायलीतला ‘ओळखीच्यां’चा पत्ता काढला आणि तशाच निघाल्या.

दार उघडं होतं. आत एक शिंपीणबाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. तिनं चष्म्यावरून बघितलं.

“ती होय? काल गेली की. शिक्षण सोडलं, कायमची घरी गेली.”

बाई उंबरा ओलांडून आत आल्या. “पण मी तिला खोली मिळवून दिली होती!”

“खोली कशाला?” शिंपीणबाईनं आतलं दार ढकललं. प्रशस्त खोली होती. मोठी खिडकी, टेबल, उघडी पडलेली गादी. “शहरात आल्याच्या पहिल्या आठवड्यातच माझ्या दारावरची ‘खोली भाड्यानं देणे’ पाटी बघून आली. म्हणाली, खूप आवडली. काही म्हणजे काही तक्रार नव्हती पोरीची. फक्त करमायचं नाही. कॉलेजातून यायची ती दार लावून पडून राहायची.”

 अकरा वर्षं समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्या एवढंच विचारत आल्या होत्या, खोली कुठल्या भागात हवी, किती भाडं परवडेल. आपण किती मूर्ख आहोत, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

शिंपीणबाई त्यांच्याकडे निरखून बघत होती.

“तुम्ही तिच्या मावशी का हो? सांगायची मला, इथे माझं एक माणूस आहे, दर मंगळवारी आम्ही दोघी फिरायला जातो म्हणून.”

बाईंनी पुढे होऊन आतलं दार हळूच ओढून घेतलं. 

“मग गेले दोन मंगळवार कुठे होतात?” शिंपीणबाई म्हणाली. “पोरगी आवरून, केस विंचरून दुपारभर दारातल्या त्या पायरीवर बसून असायची हो.”