अण्णाचे डोळे

अंबुजाबाई कुंभकोणमहून स्वामीमलैला पोचल्या तेव्हा मूर्तिकार मेणाच्या चेहऱ्यावर कोरणी फिरवत होता. तो पुतळा एकाहत्तरच्या युद्धात लढाऊ विमान उतरवताना अपघातात गेलेल्या त्यांच्या भावाचा, अण्णाचा होता. “फोटोत काळा चष्मा आहे, अम्मा. डोळे कसे होते?” त्यांना अण्णाचं हसणं आठवलं, चाल आठवली, डोळे मात्र आठवेनात. विचारायचं कुणाला? अण्णाला पाहिलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. “आई म्हणायची, दोघांचे डोळे एकसारखे,” त्या म्हणाल्या. “मग चष्मा काढून इकडे बघा.” त्यांनी चष्मा काढला. तो जवळ सरकून त्यांचे डोळे निरखू लागला. घरात एकट्याच राहणाऱ्या बाईंकडे कितीतरी वर्षांत कुणी इतका वेळ पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. “रडू नका, अम्मा, आकार बदलतो.” “असेच कोर,” त्या म्हणाल्या. “लढाईवर निघताना अण्णाचे असेच होते.”